जमिनीची बाजू आणि बाईचा आवाज

मल्याळम कादंबरीची चर्चा करताना पर्यावरणवादी स्त्रीवाद आणि परिघावरच्या स्त्रीचा आवाज या दोन गोष्टी बहुधा एकच धरल्या जातात. पाणी आटले किंवा पाणथळ जमीन बुजवली गेली की त्याची झळ प्रथम गरीब, दलित वा आदिवासी बाईला बसते, त्यामुळे हा गोंधळ समजण्यासारखा आहे. पर्यावरणवादी स्त्रीवाद ही संज्ञा १९७४ मध्ये एका फ्रेंच लेखिकेने रूढ केली. निसर्गावर आणि स्त्रीवर चालणारी सत्ता एकाच मुळातून येते का, हा त्याचा प्रश्न. दुसऱ्या गोष्टीचा प्रश्न अधिक साधा आणि अधिक अवघड आहे: ही कथा कोण सांगते आहे, आणि कोणाच्या बोलीत?

सारा जोसेफ यांच्या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या की फरक स्पष्ट दिसतो. ‘आती’मध्ये (२०११) पाण्याने वेढलेल्या गावात विकासाच्या नावाखाली भराव पडू लागतो, आणि पाणी हेच जणू मुख्य पात्र होते. ‘आलाहयुडे पेण्मक्कळ’मध्ये (१९९९) मात्र त्रिशूर शहराने जिथे आपली घाण आणि नकोशी माणसे लोटली, त्या कोक्कांचिरा वस्तीचे जग आनी या लहान मुलीच्या नजरेतून आणि तिथल्या बोलीतून उलगडते. या कादंबरीला २००३ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिथेही जमिनीचा प्रश्न आहेच, पण तो वस्तीतल्या बायकांच्या बोलण्यातून येतो. त्यांना निसर्गाचे प्रतीक व्हावे लागत नाही.

मला हा भेद महत्त्वाचा वाटतो, कारण आदिवासी स्त्रीला ‘वनकन्या’ म्हणून गौरवताना तिची जात, मजुरी आणि कर्ज नजरेआड करणे फार सोपे असते. पी. वत्सला यांची ‘नेल्लु’ (१९७२) वायनाडमधल्या अडियर या आदिवासी समाजाविषयी कळवळ्याने लिहिलेली आहे, परंतु लेखणी बाहेरचीच आहे. नारायण यांची ‘कोच्चरेत्ती’ (१९९८) मलयरयर समाजातल्याच लेखकाने लिहिली आणि केरळमधील आदिवासी लेखकाची पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. तिच्यात डोंगर म्हणजे मिरीचे वेल आणि ती मिरी विकताना होणारी फसवणूक. मात्र नावातच ‘अरयर तरुणी’ असलेल्या या कादंबरीतली कुंजिपेण्णूही पुरुषाच्याच लेखणीतून बोलते.