स्लॅबवरचा 64 कुठून येतो?

"स्लॅबमध्ये आहे ना, मग टेन्शन नाही" असं नाणी जमवणारे सर्रास म्हणतात. म्हणजे पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून देणाऱ्या कंपन्यांनी नाणं बघून प्लास्टिकच्या डबीत (हाच स्लॅब) सील केलं, वर एमएस-64 (एमएस म्हणजे मिंट स्टेट, न वापरलेलं नाणं) छापलं, की तो आकडा जणू वजनकाट्यावरूनच आलाय. वजन, व्यास, धातू मोजता येतात, आणि नकली नाणी पकडण्यात या कंपन्या बऱ्यापैकी पक्क्या आहेत. ग्रेड, म्हणजे नाणं किती चांगल्या अवस्थेत आहे त्याचा हा आकडा, मात्र माणूसच डोळ्यांनी बघून ठरवतो. ही 1 ते 70 ची पट्टीसुद्धा विल्यम शेल्डनने 1949 मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटच्या किमती लावायला काढली होती.

आता खरी गंमत बघा. नाणं पाडताना प्रचंड दाबाखाली धातू मधून कडेकडे अक्षरशः वाहतो, त्या घासण्याने डायवर (नाण्यावर ठसा उमटवणाऱ्या साच्यावर) बारीक बारीक रेघा पडतात आणि पुढच्या प्रत्येक नाण्यावर उमटतात, म्हणून कोरं नाणं दिव्याखाली तिरपं करून फिरवलं की उजेडाचा पट्टा चाकाच्या आरीसारखा गोल फिरतो. नाणं थोडं जरी वापरलं गेलं तरी चेहऱ्याच्या गालावर, केसांवर, म्हणजे जिथे उंचवटा आहे तिथे या रेघा चेपतात आणि पट्टा नेमका तिथे तुटतो. पण ठसाच कमी जोराने बसला असेल तर धातू डायच्या सगळ्यात खोल भागात पोचतच नाही, आणि तोच गाल न वापरताही सपाट दिसतो! झीज की कच्चा ठसा, एयू-58 (एयू म्हणजे अगदी थोडं वापरलेलं) की एमएस-62, हे ग्रेडरला काही सेकंदांत ठरवायचं असतं. (मोबाईलच्या एका फोटोत हा पट्टा फिरताना दिसतच नाही, मग तेवढ्यावरून ग्रेड सांगणारी अ‍ॅप्स तो कुठून बघतात देव जाणे.)

त्यामुळे एकच नाणं एकदा 64, एकदा 65 येऊ शकतं. चूक दोन्ही बाजूंना होते, पण 64 मिळालेला मालक डबी फोडून नाणं परत पाठवतो आणि 65 मिळालेला गप्प बसतो, म्हणजे बाजारात वरच्या बाजूच्या चुकाच साचत जातात. 2007 पासून सीएसी नावाची कंपनी स्लॅब परत तपासून पसंत पडलेल्यांवर हिरवं स्टिकर लावते, तेही शेवटी नजरेनेच. आणि फोडलेल्या डबीचं जुनं लेबल मालकाने परत केलं नाही तर ग्रेड देणाऱ्या कंपनीच्या पॉप्युलेशन रिपोर्टमध्ये (कोणत्या ग्रेडची किती नाणी तपासली त्या यादीत) तेच नाणं दोनदा मोजलं जातं, तेव्हा "या ग्रेडमध्ये इतकीच नाणी आहेत" हा आकडाही जरा सैलच धरायचा.