पाणी गेलं, पण डिलिव्हरी लगेच नाही: मग हॉस्पिटलात थांबून नक्की होतं काय?

पाणी गेलं म्हणजे आता काही तासांत बाळ हातात, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि दिवस भरले असतील तर ते बरंचसं खरंही आहे. पण ३७ आठवडे व्हायच्या आधीच, कळाबिळा काही नसताना पाणी गेलं तर डॉक्टर म्हणतात ॲडमिट व्हा आणि थांबूया. इथे घरचे गडबडतात. पाणीच गेलं तर आता थांबायचं कशासाठी, आत बाळ कोरडं नाही का पडणार?

नाही पडत. म्हणजे असं की, साधारण पाचव्या महिन्यानंतर गर्भजल हे मुख्यतः बाळाची लघवीच असते, बाळ ते पाणी गिळतं आणि परत शू करतं, त्यामुळे पिशवीला भोक पडून पाणी झिरपत राहिलं तरी आत नवीन पाणी तयार होतच असतं. सोनोग्राफीत पाणी कमी दिसतं, पण अगदी शून्य असेलच असं नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यातच पाणी गेलं तर मात्र प्रकरण गंभीर, कारण फुप्फुसांची वाढ व्हायलाच ते पाणी लागतं.

हे शंभरातल्या दोन-तीन गरोदर बायकांना होतं. पिशवीचा पडदा कमजोर होतो, कधी खालून वर चढलेल्या इन्फेक्शनने, कधी मधेच ब्लीडिंग झालेलं असतं, जुळी असतात, तंबाखू-सिगारेट असते, आणि बऱ्याचदा तर कारण सापडतच नाही. तू स्कूटरवर बसलीस, तू पपई खाल्लीस, हे जे नातेवाईक कॉटशेजारी उभं राहून सुरू करतात ना, ते त्यांना बाहेर चहाला पाठवून थांबवावं.

घरी असाल तर स्वच्छ पॅड लावायचं आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. ते पॅड टाकू नका, डॉक्टरांना दाखवा, त्याचा रंग आणि वास दोन्ही कामाचे असतात. तिथे स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून आत बघायचं साधन) घालून बघतात, लिटमससारख्या पट्टीवर टेस्ट करतात, कधी थेंबभर पाणी काचेवर वाळवून मायक्रोस्कोपखाली बघतात, गर्भजल असेल तर मिठाचे कण नेच्याच्या पानासारखी नक्षी करतात (फार सुंदर दिसते, बघायची वेळ मात्र वाईट). कळा नसताना बोटं घालून तपासणं शक्यतो टाळतात कारण त्याने इन्फेक्शन आत जायची भीती वाढते.

आता मुख्य मुद्दा, थांबून मिळतं काय. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्टेरॉइडची इंजेक्शनं. कमी दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ पुरेसा नसतो, त्यामुळे हवेचे फुगे प्रत्येक श्वासानंतर ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारखे आतून चिकटतात. न्यूझीलंडमधे ऑकलंडला ग्रॅहम लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर प्रयोग करत होते, कळा कशा सुरू होतात ते शोधायला, आणि त्यांच्या लक्षात आलं की स्टेरॉइड मिळालेलं कोकरू, जे इतक्या लवकर जन्मून श्वास घेऊच शकायला नको, ते श्वास घेतंय! मग १९७२ मधे त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी हेच गरोदर बायकांमधे करून दाखवलं. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, दर १२ तासांनी एक अशी चार इंजेक्शनं. २०२० मधे भारतासह पाच देशांतला मोठा अभ्यास आला, त्यात औषध न मिळालेल्या गटात महिन्याभरात शंभरातली २३-२४ बाळं दगावली, मिळालेल्या गटात १९-२०. एवढ्या स्वस्त औषधाने!

पण याचा पूर्ण परिणाम व्हायला एक-दोन दिवस लागतात, तेवढे दिवस मिळवायचे असतात. सोबत अँटिबायोटिक, त्याने इन्फेक्शनची भीती कमी होते आणि डिलिव्हरीही थोडी पुढे जाते. अगदी लवकर, ३२ आठवड्यांच्या आत डिलिव्हरी होणार असं दिसलं तर मॅग्नेशियम सल्फेट, बाळाच्या मेंदूसाठी. ते देताना आईला अंग भाजल्यासारखं गरम होतं, आधी कोणी सांगितलं नाही तर बाई घाबरते. निम्म्याहून जास्त जणींची डिलिव्हरी आठवड्याभरात होतेच, बाकीच्यांना साधारण ३४ आठवड्यांपर्यंत किंवा पुढेही नेतात, रोज ताप, नाडी, बाळाचे ठोके बघत. ताप आला, पाण्याला घाण वास आला, ठोके वाढले तर थांबणं संपलं, मग बाळ बाहेरच बरं.

आणि बेडरेस्ट? माझ्या मावसबहिणीला बायकांनी इतकं घाबरवलं होतं की कुशीवर वळलं तरी पाणी जाईल, म्हणून बाथरूमला जायला नको यासाठी ती पाणीच पिईना, त्यात बद्धकोष्ठता, त्यात रडणं. पूर्वी तर कॉटच्या पायाखाली विटा लावून बायकांना दिवसेंदिवस आडवं ठेवायचे. पण सक्त झोपून राहिल्याने बाळ जास्त दिवस आत राहतं याला पुरावा नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, स्नायू आणि हाडं कमजोर होतात. ॲडमिट करतात ते लक्ष ठेवायला, आडवं पाडायला नाही. बाळ आडवं किंवा पायाळू असेल तर नाळ खाली यायची भीती असते, तिथे डॉक्टर सांगतील ते वेगळं, बाकी बाथरूमला जाणं, वॉर्डात दोन फेऱ्या मारणं चालतं, विचारून घ्या.

बाळ आलं की एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा आयसीयू. तिथे नाकाला सीपॅप (नाकातून हलक्या दाबाने हवा देणारं यंत्र), गरज असेल तर नळीतून थेट सर्फॅक्टंट, आणि बाळ श्वास घ्यायला विसरतं म्हणून कॅफीन, हो, चहा-कॉफीतलंच. आईला दूध लगेच येत नाही, तेव्हा मिल्क बँकेचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं, दूध कामी येतं, आशियातली पहिली मिल्क बँक १९८९ मधे मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आणि कांगारू केअर, बाळ नुसत्या डायपरवर आईच्या (बाबांच्याही!) उघड्या छातीशी, जमेल तितके तास. हे १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियात बोगोटाला इन्क्युबेटर पुरेनात म्हणून सुरू झालं, आता कळलंय की स्थिर व्हायची वाट न बघता लगेच सुरू केलं तर बाळं जास्त वाचतात.

सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं नाही, असं आजही छातीठोकपणे सांगणारे भेटतात. साफ चूक, आत काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूचा असतो.

घरी जाताना एक गोष्ट हमखास राहून जाते ती डोळ्यांची तपासणी. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मानंतर महिन्याभरात तपासायलाच लागतो, फारच लहान बाळांचा त्याआधी, कारण बाहेरून डोळे एकदम छान दिसतात आणि आत नजर जात असते. डिस्चार्ज कार्डवर ती तारीख लिहिलेली नसेल तर तिथेच उभं राहून लिहून घ्या.