अंतर्निरीक्षण : एका शब्दात अडकलेला वाद

आधुनिक मानसशास्त्राचा प्रारंभ १८७९ साली जर्मनीतील लाइपझिगमध्ये स्थापन झालेल्या प्रयोगशाळेपासून मोजण्याची प्रथा आहे. परंतु तेथे वापरल्या गेलेल्या अंतर्निरीक्षणाच्या, म्हणजे स्वतःच्या मनात काय चालले आहे ते पाहून सांगण्याच्या, पद्धतीचा वाद त्याच्या कितीतरी आधीपासून तत्त्वज्ञानात चालू होता. इंग्लंडमधील अनुभववाद्यांनी इंद्रियसंवेदनांबरोबरच मनाने स्वतःच्या व्यापारांकडे पाहणे हाही ज्ञानाचा उगम मानला होता. १७८६ साली जर्मन तत्त्वज्ञानातून त्यावर दोन आक्षेप आले. मनातील घडामोडींना गणित लागू होत नाही, आणि निरीक्षण करू जाताच निरीक्षणाची अवस्थाच बदलते. पहिल्या आक्षेपाला १८६० साली मनोभौतिकीने, म्हणजे बाहेरील उद्दीपक आणि संवेदना यांचे नाते मोजणाऱ्या शास्त्राने, उत्तर दिले : हातातील वजन किती वाढवले म्हणजे फरक जाणवतो, हे मोजता येते.

दुसऱ्या आक्षेपाला लाइपझिगने दिलेले उत्तर मात्र पुढच्या पिढ्यांनी नीट वाचलेच नाही. तेथे ‘आत्मनिरीक्षण’ आणि ‘आंतरिक प्रत्यक्ष’ अशा अर्थांचे दोन स्वतंत्र जर्मन शब्द होते. रागावलेला माणूस आपला राग न्याहाळू लागला की राग ओसरतो. हे आत्मनिरीक्षण, आणि त्यावर तेथे विश्वास नव्हता. याउलट तालमापकाचे ठोके ऐकवायचे आणि ते सुखद वाटले की असुखद, मनावर ताण आला की तो सैलावला, एवढेच लगोलग विचारायचे. हे आंतरिक प्रत्यक्ष. ठोके पुन्हा तसेच ऐकवता येत असल्याने उत्तर पडताळता येई. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द रूढ झाला. आपल्या पाठ्यपुस्तकांतील ‘अंतर्निरीक्षण’ या शब्दातही हा भेद मावत नाही, आणि ‘आत्मनिरीक्षण’ म्हटले की मराठी वाचकाला स्वतःच्या चुकांची झाडाझडतीच आठवते.

त्याच परंपरेतून अमेरिकेत गेलेल्या रचनावादाने, म्हणजे अनुभवाचे मूळ घटक शोधणाऱ्या पंथाने, ही पद्धत लांबलचक वर्णनांपर्यंत ताणली. समोर सफरचंद असताना केवळ ‘सफरचंद’ म्हणणे तेथे चूक ठरे, रंग आणि आकार यांच्या संवेदनाच सांगाव्या लागत. मनातील प्रतिमेवाचून विचार होतो की नाही, यावर प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळेनात, तेव्हा १९१३ साली केवळ बाहेरून दिसणारे वर्तन अभ्यासावे असे मानणाऱ्या वर्तनवादाने अंतर्निरीक्षण सरसकट बाद केले. त्यात लाइपझिगची काटेकोर पद्धतही गेली, हा माझ्या मते अन्याय होता.

१९७७ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने वाद पुन्हा पेटवला. गिऱ्हाइकांपुढे अगदी एकसारखे चार मोजेजोड ओळीने मांडले असता उजव्या टोकाचा जोड सर्वांत जास्त वेळा निवडला गेला. पण कारण विचारल्यावर जागेचा उल्लेख कोणीही आपणहून केला नाही. तीनच वर्षांनी, १९८० मध्ये, दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिले की कोडे सोडवतानाच मनात येईल ते बोलायला सांगितले तर ते कथन भरवशाचे असते. मागाहून कारण विचारले तर नसते.