टू-स्ट्रोकमधे ऑइल डबल घातलं की चेनसॉ टिकते?

"जुनी चेनसॉ आहे ना, मग पेट्रोलमधे ऑइल डबल घाला, इंजिन टिकतं" हे आमच्या खानापूर-बेळगाव भागात कित्येक वर्षं फिरतंय. पटण्यासारखंच आहे म्हणा, कारण टू-स्ट्रोक इंजिनला वंगण पेट्रोलमधे मिसळलेल्या ऑइलचंच, ते कमी पडलं की पिस्टन जॅम होतो हे खरंय. पण म्हणून जास्त घातलं की जास्त फायदा, असं नाही. ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी जातं, आणि जादाचं ऑइल नीट जळत नाही, त्याचा कार्बन स्पार्क प्लगवर नि सायलेन्सरच्या जाळीत बसतो, मग मशीन चालू होतं पण रेस दिली की गुदमरतं.

घरीच बघा. मशीन थंड झाल्यावर प्लग काढा, टोक तपकिरी असेल तर ठीक, काळंकुट्ट नि ओलं चिकट असेल तर ऑइलचा संशय घ्या (एअर फिल्टर चोंदला तरी काळं होतं, म्हणून तोही झटकून साफ करा). मग सायलेन्सरची जाळी काढून उजेडाला धरा. मी सेकंडहँड घेतलेल्या मशीनच्या जाळीतून पलीकडचं काही दिसतच नव्हतं, वायर ब्रशनं घासली नि आवाजच बदलला!

प्रमाण कंपनीनं दिलेलंच. 50:1 म्हणजे लिटर पेट्रोलला 20 मिली ऑइल, 25:1 म्हणजे 40. आणि चेनचं ऑइल वेगळं, ते पेट्रोलमधे नको.