एक सीडी, तीन फॉरमॅट: रिपिंगमधले बिघाड येतात कुठून

रिपिंग म्हणजे सीडीवरचा आवाज संगणकावर फाइलींत उतरवणे. एकाच सीडीवरून फ्लॅक (आवाजातले काहीच न गाळणारा फॉरमॅट), एमपीथ्री आणि ऑग व्हॉर्बिस (आकार कमी करायला थोडे गाळणारे) अशा तिन्ही फाइली एका दमात काढताना काही बिनसले, तर आधी तिन्ही फाइलींतली तीच जागा ऐकावी. तिसऱ्या ट्रॅकवर १ मिनिट १२ सेकंदांना तिन्हींत ‘टक्’ वाजत असेल, तर चूक सीडी वाचतानाची आहे. एन्कोडरची, म्हणजे वाचलेला आवाज हव्या फॉरमॅटमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रामची, सेटिंग कितीही बदलली तरी ती जाणार नाही. एकाच फाइलीत वाजत असेल, तर वाचन ठीक झाले आहे आणि सीडी पुन्हा ड्राइव्हमध्ये घालायचे कारण नाही. आज ही फोड उघड वाटते, पण सॉफ्टवेअरला तिथवर यायला बरीच वर्षे लागली.

मूळ अडचण १९८० च्या रेड बुकमध्ये आहे. फिलिप्स आणि सोनीने ठरवलेल्या या मानकात आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात, प्रत्येक १६ बिटचा, दोन चॅनेलमध्ये. सीडीवर एका सेकंदाचे ७५ सेक्टर, म्हणजे ठरावीक मापाचे तुकडे, होतात आणि एका सेक्टरमध्ये २,३५२ बाइट असतात. पुढे डेटा सीडी आली तेव्हा तेवढ्याच सेक्टरमध्ये माहितीला २,०४८ बाइट दिले आणि उरलेले ३०४ बाइट सेक्टरची खूण, त्याचा पत्ता आणि जादा चूक-दुरुस्ती यांच्यासाठी राखले. ऑडिओ सेक्टरमध्ये हे ३०४ बाइट नाहीत. सगळी जागा आवाजाचीच, आणि पत्ता आवाजाशेजारच्या क्यू सबचॅनेल या छोट्या माहिती-पट्टीत, तोही ढोबळ. गाणे सलग वाजवणाऱ्या प्लेयरला एवढे पुरत होते. संगणकाने मात्र ‘अमुक सेक्टरपासून दे’ म्हटले की ड्राइव्ह थोडा अलीकडे किंवा पलीकडे उतरायचा. दोन तुकडे नेमके जुळले नाहीत की सांध्यावर आवाजाचा कण दोनदा यायचा किंवा गळून जायचा. यालाच रिपिंगमध्ये जिटर म्हणतात.

ओरखडा याहून फसवा. सीडीवरची चूक-दुरुस्ती बरेच भरून काढते. तिच्या आवाक्याबाहेर गेले की ड्राइव्ह आजूबाजूचे नमुने पाहून मधला आकडा अंदाजाने भरतो आणि बहुतेक वेळा कुठलीही तक्रार न करता पुढे जातो. फाइल पूर्ण लांबीची निघते आणि वाजतेही.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लिनक्सवर आलेल्या सीडीपॅरानोइयाने प्रत्येक तुकडा मागच्यावर थोडा चढवून वाचायला आणि सामाईक भाग जुळवून सांधायला सुरुवात केली. विंडोजवर १९९८ मध्ये आलेला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजे ईएसी, तोच भाग पुन्हा वाचून तुलना करू लागला. इथे एक खाच आहे: दुसरे वाचन सीडीवरून न येता ड्राइव्हच्या कॅशमधून, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या साठ्यातून, आले तर दोन्ही वाचने सारखी निघणारच आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून ड्राइव्ह ऑडिओ कॅश करतो का, ते तपासून तसे नोंदवणे सर्वांत महत्त्वाचे. ॲक्युरेटरिप या सामाईक नोंदसंग्रहाने पुढे त्याच सीडीच्या इतरांनी काढलेल्या चेकसमशी, म्हणजे फाइलीवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याशी, ताळा करण्याची सोय दिली. त्यासाठी ड्राइव्हचा ऑफसेट, म्हणजे तो नेहमी किती नमुने सरकून वाचतो तो आकडा, अचूक लागतो. तो काही ड्राइव्हचा +६ नमुने असतो, तर काहींचा +६६७. सहा नमुने म्हणजे सेकंदाचा साधारण सात हजारावा भाग, कानाला कळणे अशक्य. पण ऑफसेट चुकला की ताळा जमत नाही आणि चांगली सीडी उगीच पुसत बसायची वेळ येते.

आता एन्कोडिंगकडे. ७४ मिनिटांची सीडी वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या आवाजाच्या, फाइलींत उतरवली की ७८ कोटी ३२ लाख बाइट होतात. हार्ड डिस्क जेमतेम दोन-चार गिगाबाइटची होती तेव्हा एवढी जागा अडवणे परवडायचे नाही, म्हणून बरेच प्रोग्राम वाचलेले थेट एन्कोडरमध्ये ओतत. एन्कोडर मागे पडला की ड्राइव्ह थांबे आणि पुन्हा सुरू होई, म्हणजे आणखी एक सांधा आणि आणखी एक ‘टक्’. दुसरा फॉरमॅट हवा तर सीडी पुन्हा पहिल्यापासून वाचायची.

एन्कोडर वेगळा का आणावा लागायचा, याचे कारण पेटंट. एमपीथ्रीची पेटंटे २०१७ पर्यंत चालली. १९९८ मध्ये सुरू झालेल्या लेम या एमपीथ्री एन्कोडरची तयार फाइल त्यामुळे बहुतेक रिपिंग प्रोग्रामांसोबत येत नसे. ती वेगळी उतरवून तिचा पत्ता ‘बाह्य एन्कोडर’च्या चौकटीत भरायचा. ईएसीच्या त्या चौकटीत एकच प्रोग्राम बसतो. म्हणून मॅरिओ नावाचे छोटे साधन निघाले: ईएसीला तो एन्कोडर वाटतो, आणि तो मात्र तीच वेव्ह फाइल एकामागून एक अनेक एन्कोडरांना देतो. यात दुसरा एन्कोडर मध्येच बंद पडला आणि त्याचा रिटर्न कोड (काम झाले की फसले ते सांगणारा आकडा) कोणी तपासला नाही, तर वेव्ह पुसली जाते आणि एक फॉरमॅट गुपचूप गायब होतो. लिनक्सवरचा एबीसीडीई हा रिपिंग प्रोग्राम मुळातच अनेक फॉरमॅट घेतो आणि झालेल्या पायऱ्या कामचलाऊ फोल्डरमध्ये टिपून ठेवतो. काम अर्धवट पडल्यावर सेटिंग बदलून तो पुन्हा चालवला तर तो जुन्या टिपणावरूनच पुढे जातो. अशा वेळी ते फोल्डर पुसून नव्याने सुरू करावे.

सर्वांत जास्त घोळ आकड्यांचा. लेमच्या व्ही मापात आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला: व्ही ० सर्वांत वर, व्ही ९ तळाशी. ऑगएन्क या ऑग व्हॉर्बिसच्या एन्कोडरच्या क्यू मापात उलट, -१ पासून १० पर्यंत चढते. लेमलाही क्यू पर्याय आहे, पण तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तिथे लहान आकडा चांगला. फ्लॅकच्या ० ते ८ चा दर्जाशी संबंधच नाही. फक्त फाइलीचा आकार आणि लागणारा वेळ बदलतो. एकाची सेटिंग दुसऱ्याच्या ओळीत चिकटवली की ‘ऑगच खराब’ असा निष्कर्ष निघतो, आणि तो ऑगवर अन्याय आहे. तसेच एएसी आणि ॲपल लॉसलेस या दोघांचेही एक्स्टेन्शन एम४ए; दोन्ही एकाच फोल्डरमध्ये काढले की नंतरची फाइल आधीचीवर बसते.

एमपीथ्रीत दोन ट्रॅकांमध्ये बारीक खंड पडतो, त्याचेही मूळ जुने आहे. सीडीचा सेक्टर ५८८ नमुन्यांचा, एमपीथ्रीची फ्रेम १,१५२ नमुन्यांची. ट्रॅक फ्रेममध्ये नेमका बसत नाही, म्हणून पुढेमागे शांतता भरावी लागते. मैफलीच्या सीडीवर विलंबित ख्यालातून द्रुतमध्ये जाताना ट्रॅक बदलला की हे लगेच बोचते. लेम ही भर किती ते फाइलीत लिहून ठेवतो. प्लेयरने ते वाचले तर खंड राहत नाही. फ्लॅकमध्ये हा प्रश्नच येत नाही.

नावांचे बिघाड वेगळ्या वाटेने येतात. जुन्या सेटिंगमध्ये फ्रीडीबी या सीडीवरच्या गाण्यांची नावे पुरवणाऱ्या सेवेचा पत्ता असेल तर ती सेवा २०२० मध्ये बंद झाली आहे. तिथे म्युझिकब्रेन्झ निवडावे. टॅग म्हणजे फाइलीतच लिहिलेली शीर्षक, गायक अशी माहिती. देवनागरी टॅगांचे दुखणे आयडीथ्री या एमपीथ्रीच्या टॅग-पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत आहे: शीर्षकाला ३० बाइट आणि लिपी-संकेत सांगायची सोयच नाही. यूटीएफ-८ या लिपी-संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासह, ३ बाइट घेते. ‘शुद्ध सारंग’ एका रिकाम्या जागेसह ३१ बाइटचे होते, आणि शेवटचा ‘ग’ अर्धा कापला जाऊन तिथे चौकोन दिसतो. एमपीथ्रीसाठी आयडीथ्री २.३ आणि यूटीएफ-१६ ठेवावे, जुने प्लेयरही बहुधा ते वाचतात. फ्लॅक आणि ऑगचे टॅग मुळातच यूटीएफ-८ असतात. त्यांना आयडीथ्री जोडू नये. ईएसीमधली आयडीथ्री टॅग जोडण्याची खूण फ्लॅक करताना आठवणीने काढून टाकावी. लिनक्सवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हे. राग, ताल, बंदिशीचे बोल आणि गायकाचे नाव सगळे नावात घातले की एवढी सहज भरतात. मग फाइल तयारच होत नाही. नावात क्रमांक आणि राग एवढेच ठेवून बाकीचे टॅगमध्ये लिहावे.