टे पूल दुर्घटना चौकशी

स्कॉटलंडमध्ये टे नदीच्या खाडीवरील रेल्वे पुलाच्या पतनाची ब्रिटिश सरकारने केलेली चौकशी (१८८०). हा पूल १८७८ साली वाहतुकीस खुला झाला. २८ डिसेंबर १८७९ रोजी संध्याकाळी वादळात त्याच्या मधल्या १३ उंच तुळया डंडी शहराकडे निघालेल्या आगगाडीसह कोसळल्या. कोणीही वाचले नाही. मृतांचा आकडा जुन्या लेखनात ७५ येतो. नावानिशी सिद्ध होणारे मृत्यू ५९ असून तोच आकडा अधिक ग्राह्य दिसतो.

चौकशीच्या न्यायासनावर जहाज-दुर्घटना आयुक्त हेन्री रॉथरी, रेल्वे निरीक्षक कर्नल योलंड व अभियंता विल्यम बार्लो हे तिघे होते. साक्षी आधी डंडीत व नंतर लंडनमध्ये झाल्या. ओतीव लोखंडाच्या खांबांना जोडणारे तिरपे बंध ज्या कानांत (खांबाबाहेर आलेल्या, भोक असलेल्या जोडपट्ट्यांत) अडकवले होते, ते कान खांबांबरोबरच ओतलेले होते. त्यांची भोके बरम्याने पाडलेली नव्हती, ओतण्यातूनच आली होती. साहजिकच ती निमुळती झाली आणि बोल्ट केवळ कडेवर टेकला. धातूंची ताकद तपासणारे डेव्हिड कर्कॉल्डी यांच्या चाचण्यांत हे कान अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी भाराला तुटले. ओतकामातील पोकळ्या मेण व लोखंडाचा कीस यांच्या लगद्याने बुजवल्याचे आणि सैल झालेल्या बंधांत लोखंडी तुकडे ठोकल्याचेही साक्षींत निघाले. ही ठोकाठोक पुलाचे रचनाकार सर टॉमस बाउच यांना कळवलेली नव्हती.

वाऱ्याच्या दाबाचा हिशेब बाउच यांनी वेगळा मांडलाच नव्हता. फोर्थ खाडीवरील नियोजित पुलासाठी राजखगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी सुचवलेला चौरस फुटास १० पौंड हा आकडा त्यांनी पुढे केला.

अहवाल दोन आले. वादळापुढे तिरपे बंध व त्यांची जोडणी अपुरी पडली, यावर तिघांचे एकमत होते. योलंड व बार्लो यांनी व्यक्तिगत दोष ठरवणे टाळले. रॉथरी यांनी मात्र आराखडा, बांधणी व देखभाल तिन्ही वाईट ठरवून मुख्य ठपका बाउच यांच्यावर ठेवला. डबा रुळावरून घसरून तुळईवर आदळला, हे बाउच यांचे म्हणणे न्यायासनाने मानले नाही. अलीकडे काही अभ्यासक कानांमध्ये वारंवार पडलेल्या ताणाने आधीच भेगा गेल्या असाव्यात, असे मानतात. हे मत मूळ निष्कर्षाला पूरक आहे.

बाउच ऑक्टोबर १८८० मध्ये वारले. नवा पूल १८८७ मध्ये सुरू झाला. त्याचा आराखडा बार्लो यांचा. जुन्या पुलाच्या शाबूत राहिलेल्या काही तुळया त्यात वापरल्या आहेत.