फायरफ्लाय थ्री की ॲक्च्युअल बजेट?

हिशेब परक्या ॲपच्या हाती द्यायचा नाही, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचा, असं ठरवलं की दोन नावं हमखास समोर येतात: फायरफ्लाय थ्री आणि ॲक्च्युअल बजेट. दोन्ही मुक्तस्रोत, दोन्ही डॉकरमध्ये (ॲप ‘कंटेनर’ नावाच्या बंदिस्त डब्यात चालवणाऱ्या साधनात) चालतात आणि दोन्हींत ‘बजेट’ नावाचं पान असतं. गोंधळ होतो तो या पानामुळेच.

फायरफ्लाय ही मुळात दुहेरी नोंदीची खातेवही. प्रत्येक व्यवहाराला दोन टोकं लागतात: पैसे कुठून निघाले, कुठे गेले. तिथलं बजेट ही नुसती मर्यादा. खात्यात २,००० रुपये असताना हॉटेलिंगला ४,००० लिहा, ते मुकाट्याने मान्य करतं. ॲक्च्युअल पाकीट पद्धतीवर चालतं. हातात आलेला पैसाच वाटायचा. जास्त वाटलात तर वरचा आकडा उणे होऊन लाल दिसतो. मार्चमध्ये २४,००० चा विम्याचा हप्ता असेल तर दरमहा २,००० त्या खर्चाच्या वर्गात टाका, उरलेली शिल्लक आपोआप पुढच्या महिन्यात जाते. फायरफ्लायमध्ये यासाठी बजेटकडे नव्हे, ‘पिगी बँक’कडे (पैसे बाजूला साठवण्याच्या सोयीकडे) जावं लागतं.

बसवायला ॲक्च्युअल सोपं: एक कंटेनर, ५००६ क्रमांकाचं पोर्ट, डेटाचा एक फोल्डर. पण त्याच संगणकावर लोकलहोस्ट या पत्त्याने नीट उघडणारं ॲक्च्युअल फोनवरून, घरच्या नेटवर्कच्या १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर उघडलं की ‘शेअर्ड अ‍ॅरे बफर’ची एरर येते. या नावाची सोय ब्राउझर फक्त सुरक्षित पानांना देतो, म्हणून एचटीटीपीएस (कूटबद्ध जोडणी) हवंच. कॅडी हा वेब सर्व्हर किंवा टेलस्केल ही खासगी नेटवर्कची सेवा यांचं प्रमाणपत्र लावलं की काम होतं. फायरफ्लायला सहसा वेगळा डेटाबेस लागतो, स्टेटमेंट आयात करायला डेटा इम्पोर्टर हा आणखी एक कंटेनर लागतो आणि रोजचा क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावावा लागतो. क्रॉन विसरलात तर दरमहाच्या भाड्याची ठरवून ठेवलेली नोंद पडतच नाही, आणि एररही दिसत नाही. फायरफ्लायची ॲप की (कूटबद्ध करण्याची गुप्त किल्ली) बरोबर ३२ अक्षरांची हवी. तिची प्रत बॅकअपसोबत जपा. जोडलेल्या पावत्या तिच्यानेच कूटबद्ध होतात, ती हरवली तर पावत्याही गेल्या.

गोपनीयतेसाठी म्हणून हा खटाटोप करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. फायरफ्लायच्या डेटाबेसमधले व्यवहार साधे, वाचता येतील असे पडलेले असतात. भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलेत तर डिस्कपर्यंत पोचणारा कोणीही ते वाचू शकतो. तेव्हा ते घरच्या मशीनवर, डिस्क कूटबद्ध करूनच ठेवावं. ॲक्च्युअलमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (सर्व्हरलाही वाचता येणार नाही असं कूटबद्धीकरण) आहे, पण ते सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावं लागतं. त्याने सर्व्हरवरची प्रत झाकली जाते, ब्राउझरमधली नाही. लॅपटॉप उघडा सोडलात तर हिशेबही उघडाच.

भारतीय बँकांची आपोआप जोडणी दोन्हींत विसरा. गोकार्डलेस ही बँकजोडणीची सेवा युरोपातल्या बँकांसाठी आहे, आणि आपल्याकडची अकाउंट ॲग्रीगेटर व्यवस्था (ग्राहकाच्या संमतीने बँकेची माहिती पुढे देणारी) फक्त नियामकांच्या अखत्यारीतल्या संस्थांना माहिती देते. म्हणजे बँकेकडून सीएसव्ही (रकान्यांची साधी मजकूर-फाईल) उतरवून घेणं आलं. ती फाईल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका: यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक ४.१ई+११ असा होतो आणि ०५/०४ ही ५ एप्रिलची तारीख सहज ४ मे होते. दुरुस्ती टेक्स्ट एडिटरमध्येच करा. पैसे काढल्याचा आणि भरल्याचा असे दोन वेगळे रकाने असतील तर ॲक्च्युअलच्या आयात खिडकीत रक्कम दोन रकान्यांत विभागण्याचा पर्याय निवडा. फायरफ्लायच्या इम्पोर्टरमध्ये नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) असे रकाने वेगवेगळे नेमा. तिथे संदर्भ क्रमांकालाही ‘एक्स्टर्नल आयडी’ म्हणून नेमून त्यावरूनच दुबार नोंदी ओळखायला सांगा. नाहीतर एकाच दिवशी, त्याच वर्णनाचे २० रुपयांचे दोन व्यवहार आले की दुसरा दुबार समजून गाळला जातो.

सगळ्यात जास्त हिशेब बिघडवतं ते क्रेडिट कार्डाचं बिल. बचत खात्यातून भरलेले १८,००० खर्च म्हणून नोंदले आणि कार्डावरची खरेदीही नोंदली, तर महिन्याचा खर्च फुगतो. फायरफ्लायमध्ये ती नोंद ‘ट्रान्सफर’ हवी; ॲक्च्युअलमध्ये पैसे घेणारा म्हणून कार्डाचं खातंच निवडायचं.

पगार महिनाअखेरपर्यंत पुरवायचा असेल तर ॲक्च्युअल घ्यावं. घरात कोणी परदेशात कमावत असेल, रुपयांसोबत डॉलर-युरोची खातीही सांभाळायची असतील, तर फायरफ्लाय. तिथे प्रत्येक खात्याला आपलं चलन असतं. ॲक्च्युअलच्या एका फाईलमध्ये एकच चलन धरून चाला.